‘आणि’ या शब्दाचे दोन अर्थ

‘आणि’, ‘किंवा’ व ‘नाही’ हे तीन शब्द आपण दिवसातून शेकडो वेळा उच्चारतो. परंतु त्यांचा अर्थ कधी तपासून पाहत नाही. जॉर्ज बूल यांनी १८५४ साली विचारांच्या नियमांवर ग्रंथ लिहून या शब्दांना बीजगणिताचे रूप दिले. त्यांचे समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म तर १८०६ साली आपल्या मदुराईस झाला. ‘हे किंवा ते नाही’ म्हणजे ‘हेही नाही आणि तेही नाही’, हा नियम आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

हे तर्कशास्त्र आता संगणकातील नोंदवह्यांमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्ये, राबत आहे. संकेतस्थळे उभारण्यासाठी ज्या तयार चौकटी वापरतात त्यांपैकी एक जँगो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत ती जन्मली आणि २००५ साली सर्वांना खुली झाली. नोंदी निवडण्यासाठी तिच्यात ‘फिल्टर’ नावाची आज्ञा आहे. एकाच फिल्टरमध्ये स्वल्पविराम देऊन अनेक अटी घातल्या, की त्या ‘आणि’ने जोडल्या जातात. ‘किंवा’ हवे असेल तर अटी ‘क्यू’ नामक वेष्टनात घालून मध्ये उभी रेघ द्यावी लागते.

येथवर सारे सरळ आहे. खरी मेख पुढे आहे.

समजा, एका आरोग्यकेंद्रात बालकांची एक वही आहे, आणि प्रत्येक बालकापुढे त्याला मिळालेल्या लसींच्या अनेक नोंदी आहेत. २०२३ साली गोवराची लस मिळालेली बालके आपल्याला हवी आहेत. लस गोवराची आणि वर्ष २०२३, या दोन्ही अटी एकाच फिल्टरमध्ये घातल्या, तर जँगो त्या दोन्ही एकाच नोंदीला लावते. उत्तर बरोबर येते. परंतु पहिल्या फिल्टरपुढे दुसरा जोडून अटी वेगवेगळ्या घातल्या, तर अर्थ बदलतो. मग गोवराची लस केव्हाही आणि कोणतीही लस २०२३ साली मिळालेले बालक यादीत येते. एखाद्या मुलीला २०२२ साली गोवराची पहिली मात्रा आणि २०२३ साली केवळ पोलिओची मात्रा मिळाली असेल, तरी तिचे नाव या यादीत झळकते. दुसरी मात्रा पोहोचली असे समजून परिचारिका तिच्या दाराशी जात नाही. यंत्राने तक्रार केलेली नसते. आज्ञेत व्याकरणाची चूकही नसते.

दोन्ही प्रश्न आपापल्या जागी योग्यच आहेत. चूक होते ती एकाच्या जागी दुसरा विचारल्याने. म्हणून आज्ञा लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे: माझा ‘आणि’ एकाच नोंदीविषयी आहे, की एकाच बालकाच्या निरनिराळ्या नोंदींविषयी? नंतर तीन-चार काल्पनिक बालकांची वही हाताने मांडावी आणि त्या मुलीसारखे एक नाव मुद्दाम त्यात घालावे. ते नाव यादीत उमटले, तर आपली आज्ञा चुकली असे निःशंक समजावे.

यंत्र आपल्या शब्दांचे पालन करते. आपल्या मनातले ते ओळखत नाही. शब्द नेमका योजण्याची जबाबदारी, यंत्रयुगातही, माणसाचीच आहे.