कफन पांघरलेले डीन

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये संगमरवराचा एक पुतळा आहे. अंगभर कफन, डोळे मिटलेले, पायांखाली अस्थिकलश. हे कवी जॉन डन. 1621 पासून अखेरपर्यंत ते या कॅथीड्रलचे डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू होते.

जन्म 1572 चा, कॅथलिक घरातला. 1601 मध्ये ॲन मोरशी त्यांनी गुपचूप लग्न केलं. सासरे खवळले, डन यांची नोकरी गेली, तुरुंगही पाहावा लागला. पुढची कित्येक वर्षं ओढगस्तीची. राजा पहिल्या जेम्सच्या आग्रहामुळे 1615 मध्ये त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली. दोनच वर्षांत, बाळंतपणानंतर ॲन गेली.

त्यांची दीडशेहून अधिक प्रवचनं आज वाचायला मिळतात. पण मला हेलावून टाकतो तो त्यांचा शेवट. चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतो, की मरणाआधी डन यांनी कफन पांघरून, कलशावर उभं राहून स्वतःचं चित्र काढून घेतलं आणि ते अंथरुणाशेजारी ठेवलं. 31 मार्च 1631 रोजी ते गेले. निकोलस स्टोनने पुतळा घडवला. 1666 च्या आगीत जुनं कॅथीड्रल भस्मसात झालं, पुतळा मात्र वाचला. कलशावर त्या आगीचे डाग अजून दिसतात.