जात्यावरची बाई आणि तिचे नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी कान्हे येथे झालेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी आपल्या चिटणीसबाईंनी ‘मानवशास्त्र आणि संस्कृतीचे जतन’ असा भारदस्त विषय मला दिला. तो ऐकून काही भगिनी मनात म्हणाल्या असतील, की हे शास्त्र आपल्या काय कामाचे? कुठे आफ्रिकेतली माणसे, कुठे ध्रुवाजवळची. त्यांचा अभ्यास विद्वानांनी करावा. मला एवढेच सांगावयाचे आहे, की या शास्त्राचा पहिला धडा आपल्या घरातल्या जात्यापाशी आहे, आणि तो गिरवायला आता फार दिवस उरलेले नाहीत.

माणसे कशी राहतात, काय खातात, नाती कशी जोडतात, कोणाला आपले म्हणतात आणि कोणाला दूर बसवितात, हे जवळ बसून ऐकावे आणि लिहून ठेवावे, हे मानवशास्त्राचे काम. महाराष्ट्रात हे शास्त्र रुजविणाऱ्यांत एक बाई अग्रभागी होत्या, याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे. डॉ. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. उच्च शिक्षणासाठी त्या बर्लिनला गेल्या. त्या काळी तेथले काही विद्वान कवट्या मोजून अमुक वंश श्रेष्ठ, तमुक कनिष्ठ असे ठरवू पाहत होते. इरावतीबाईंनीही कवट्या मोजल्या, पण वंशश्रेष्ठतेला त्यांत आधार सापडत नाही, असे आपल्या गुरूंच्या मताविरुद्ध लिहून दिले. परत आल्यावर १९३९ पासून त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम केले. त्या पंढरीच्या वारीलाही चालत गेल्या. वाटेने अभंग म्हणत एकत्र चालणारी माणसे जेवायच्या वेळी मात्र जातवार पंगतींना बसतात, हे त्यांनी पाहिले आणि वारीवरच्या लेखात तसेच लिहिले. वारीवर त्यांचे प्रेम होते, म्हणून त्यांनी ते लपविले नाही. जे दिसेल ते लिहावे, गोड असो वा कडू, हा या शास्त्राचा धर्म.

आता जात्याकडे वळू. आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांना पहाटेचे दळण आठवत असेल. एक हात खुंट्यावर, दुसऱ्याने वैरण घालायची, आणि जात्याच्या घरघरीबरोबर ओवी सुरू व्हायची. त्या ओवीत माहेर असे, भाऊराया असे, विठ्ठल-रखुमाई असत. तसाच सासूचा जाच, नवऱ्याची मारझोड आणि बाईच्या जन्माचा कंटाळाही असे. दिवसभर जे कोणापुढे बोलता येत नसे, ते पहाटे दगडापुढे बोलले जाई. पिठाची गिरणी आली आणि हे थांबले. मी जाते परत आणा असे म्हणत नाही. गिरणीने बायकांचे हात, खांदे आणि पहाटेची झोप वाचविली. तिचे उपकारच मानले पाहिजेत. पण कष्ट गेले म्हणून त्या कष्टांत घडलेली वाणीही जाऊ द्यावी, असे कोणी म्हणेल काय?

या ओव्यांचे मोल जाणणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ हा ओव्यांचा संग्रह केला. डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीतर्फे खंडामागून खंड काढले, आणि मुंबई दूरदर्शनवर शांताबाई शेळके यांच्याबरोबर ‘रानजाई’ या कार्यक्रमातून ही गाणी घरोघर पोहोचविली. शहरात वाढलेल्या पुष्कळ मुलींना आपल्या आजीचे गाणे तेथेच पहिल्यांदा समजले.

पण एक गोष्ट बरेचदा राहून गेली. ओवी टिकली, ती म्हणणारी बाई मात्र अनामिक राहिली. आपण ‘लोकगीत’ म्हणतो आणि पुढे जातो.

आपण सगळ्या लोकलने मळवलीला उतरून कार्ल्याला जातो. एकवीरेचे दर्शन घेऊन शेजारच्या लेण्यात डोकावतो. तेथल्या खांबांवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. हा खांब अमक्या गावच्या अमक्याचे दान, असे त्यांत लिहिले आहे, आणि दान देणाऱ्यांत बायकाही आहेत. धन दिले त्यांचे नाव दगडावर राहिले. मग जिने आयुष्यभर दगड फिरविला आणि भाषेला ओव्यांचे दान दिले, तिचे नाव कोठे आहे?

ही उणीव भरून काढणारे एक मोठे काम आपल्या मावळाच्या शेजारी, मुळशीच्या डोंगराळ भागात सुरू झाले. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण भारताचे नागरिक झालेले गी पॉइतवाँ या दोघांनी १९८० नंतरच्या वर्षांत गावोगावच्या बायकांबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला आरंभ केला. गावातल्या कष्टकरी बायकाच या कामात पुढे आल्या. पुढे बर्नार्ड बेल या संगीतज्ञ आणि संगणकतज्ज्ञ गृहस्थांनी ध्वनिमुद्रणाला हातभार लावला. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक बायका आणि एक लाखाहून अधिक ओव्या, एवढा हा संग्रह झाला. माजलगावच्या बायकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर म्हटलेल्या ओव्याही त्यांत आहेत. पॉइतवाँ २००४ साली आणि हेमाताई २०१० साली निवर्तल्या. त्यांच्यामागे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हे काम हाती घेतले आणि २०१७ पासून या ओव्या सर्वांसाठी खुल्या केल्या. तेथे ओवीबरोबर म्हणणारीचे नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. काही ठिकाणी तिचा आवाज आणि छायाचित्रही आहे. आपल्या हातातल्या मोबाईलवर ते ऐकता येते.

हे काम विद्वानांनी एकट्याने कधीच होत नाही. अमेरिकेत फ्रान्झ बोआस नावाचे मोठे मानवशास्त्रज्ञ होऊन गेले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाकिउटल लोकांविषयी त्यांनी १९२१ साली मोठा ग्रंथ काढला. त्यातली बरीचशी माहिती तेथेच वाढलेल्या जॉर्ज हंट यांनी वर्षानुवर्षे लिहून पाठविलेली होती. त्यात मासे व कंदमुळे शिजविण्याच्या पाककृती पानेच्या पाने भरून आहेत. घरातल्या बायकांनी सांगितल्या, म्हणूनच त्या मिळाल्या. चुलीपाशी काय चालते, हे बाहेरच्या पंडिताला कोण सांगणार?

तेव्हा मंडळापुढे माझी एक सूचना आहे. ज्यांनी स्वतः जाते ओढले, त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. दर शनिवारी दोघीदोघींनी अशा एका घरी जावे. शाळेतल्या मुलींनाही बरोबर न्यावे. आधी विचारावे, ‘आजी, आम्ही हे टिपून ठेवले तर चालेल का?’ त्या नको म्हणाल्या, तर चहा घेऊन परत यावे. हो म्हणाल्या, तर मोबाईलवर आवाज घ्यावा आणि वहीत लिहावे: नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव, ओवी कोणाकडून शिकल्या, आणि कोणत्या तारखेला ऐकली. त्यांच्या तोंडचा शब्द जसा येईल तसाच ठेवावा. आपल्या शाळेतल्या भाषेने तो ‘शुद्ध’ करू नये. एक प्रत मंडळात, एक शाळेत आणि एक त्या आजींच्या घरी राहावी.

दोन गोष्टी विशेष सांगते. एक, सासुरवासाच्या ओव्या आल्या की घरची मंडळी म्हणतील, हे कशाला लिहिता, लोक काय म्हणतील? बाई स्वतः ठेवा म्हणत असेल, तर ते वगळू नका. तिच्या आयुष्याचा तो पुरावा आहे. दुसरी गोष्ट, आपल्या आळीपुरतेच थांबू नका. मावळातल्या कातकरी आणि ठाकर भगिनींचीही गाणी आहेत. पूर्वी साहेब लोक त्यांच्याकडे नोंदवह्या घेऊन तपासनिसासारखे जात. तुम्ही पाहुण्यांसारख्या जा, आणि पुढच्या वर्धापनदिनी त्यांना याच व्यासपीठावर मानाने बोलवा.

जगातल्या संस्कृतींचा अमूर्त वारसा जपावा म्हणून युनेस्कोने २००३ साली करार केला, आणि २००५ साली भारतानेही तो स्वीकारला. करार मोठ्या दालनांत होतात. पण कान्ह्यातल्या कोणत्या घरात कोणती आजी पहाटे गात असे, हे त्या दालनांतल्या कोणालाही ठाऊक नाही. ते तुम्हांला ठाऊक आहे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी असेलच. तिच्याशेजारी एक पान ओव्यांचे असावे, आणि प्रत्येक ओवीखाली म्हणणारीचे पूर्ण नाव छापावे, एवढे मागून आपली रजा घेते.