जुगाराच्या गावात जेवायचे कुठे?

लास व्हेगास म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते दिव्यांचा झगमगाट, पत्त्यांची टेबले आणि सिनेमात पाहिलेली गरगर फिरणारी चक्रे. पण या गावाचा इतिहास स्वयंपाकघरातूनही सांगता येतो. नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला. आज ज्या रस्त्याला ‘स्ट्रिप’ म्हणतात, त्या रस्त्यावर १९४१ साली एल रँचो व्हेगास हे पहिले कॅसिनो-हॉटेल उघडले. त्याच दशकात तिथे डॉलरभरात पोटभर जेवणाचा ‘बफे’ सुरू झाला. हिशेब सरळ होता. भुकेला माणूस उठून बाहेर जातो आणि बाहेर गेलेला परत येईलच याची खात्री नसते. तेव्हा त्याला आतच स्वस्तात खाऊ घालावे. ताटात झालेला तोटा पत्त्यांच्या टेबलावर भरून निघतो.

हा हिशेब जवळजवळ पन्नास वर्षे चालला. १९९२ साली वुल्फगँग पक या नामवंत शेफने सीझर्स पॅलेसच्या बाजारपेठेत ‘स्पागो’ उघडले आणि वारे बदलले. १९९८ मध्ये बेलाजिओ आले, १९९९ मध्ये व्हेनेशियन आले, आणि त्यांच्याबरोबर मोठमोठ्या आचाऱ्यांची उपाहारगृहे आली. आज स्ट्रिपवरच्या कॅसिनोंचे निम्म्याहून अधिक उत्पन्न जुगारातून येत नाही. ते खोल्या, जेवण, खेळ-तमाशे आणि खरेदी यांतून येते. पूर्वी जेवण हे आमिष होते, आता तो स्वतःच एक धंदा आहे. आणि या धंद्यातले मानाचे पान म्हणजे स्टेकहाउस. जवळपास प्रत्येक मोठ्या कॅसिनोत एक तरी असतेच.

मग त्यांतले निवडायचे कोणते? हा प्रश्न माझ्यापुढे कसा आला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींनी कवितावाचनासाठी बोलावले होते. कार्यक्रम आटोपल्यावर कॉलेजातल्या मित्राने व्हेगासचा बेत काढला. लॉस एंजेलिसहून मोहावीचे वाळवंट ओलांडत सव्वाचारशे किलोमीटरच्या वर रस्ता. मित्र नुकताच नोकरीतून निवृत्त झाला होता आणि त्याच्या अमेरिकन जावयाने सासऱ्याला स्टेक खाऊ घालायचे ठरवले होते. आम्ही पाच जण होतो. मित्र तीस वर्षे अमेरिकेत राहिलेला, तो बीफ खातो. वहिनी पक्क्या शाकाहारी. मुलगी मासळी खाणारी. जावई टेक्सासचा, म्हणजे मांसातला दर्दी. आणि पाचवा मी, रत्नागिरी जिल्ह्यातला कोकणी मुसलमान. जुगार वर्ज्य, दारू वर्ज्य. व्हेगासला जाण्याचे तसे एकही कारण नसलेला माणूस.

जावईबापूंनी आधी मला मांसाचे धडे दिले, आणि ते ऐकण्यासारखे होते. अमेरिकेत सरकारी तपासनीस बीफला प्रत देतात. सर्वांत वरची ‘प्राइम’, मग ‘चॉइस’, मग ‘सिलेक्ट’. प्रत ठरते ती मुख्यतः मांसात चरबीची नक्षी किती बारीक पसरली आहे त्यावर आणि जनावराच्या वयावर. ‘अँगस’ ही मात्र प्रत नव्हे, ती गुरांची जात. ‘कोबे’ म्हणावे तर ते जपानच्या ह्योगो प्रांतातलेच हवे, आणि अस्सल कोबे अमेरिकेत मोजक्याच ठिकाणी मिळते. चांगल्या ठिकाणी मांस तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त, गोठणबिंदूच्या जरा वरच्या थंडीत उघडे मुरवतात. त्यातले पाणी उडते, चव दाट होते, तंतू मऊ पडतात; वरचा वाळलेला थर कापून टाकावा लागतो. वजन घटते आणि म्हणून भाव चढतो.

भावाचेही ऐकून ठेवा. चांगल्या स्टेकला साठ ते शंभर डॉलर सहज पडतात, आणि तेवढ्यात ताटात येतो तो फक्त स्टेक. बटाटा वेगळा, पालक वेगळा, सॅलड वेगळे. त्यावर आठ टक्क्यांहून थोडा अधिक विक्रीकर, त्यावर वाढप्याची अठरा-वीस टक्के बक्षिसी. म्हणजे मेनूवर शंभर दिसले की खिशातून सव्वाशेच्या वर गेले असे समजावे.

मी एक प्रश्न विचारला. कमी शिजवलेला स्टेक कापल्यावर ताटात जे लाल पाणी उतरते ते रक्त का? आम्हाला रक्त निषिद्ध आहे. जावई म्हणाला, नाही काका, रक्त तर कत्तलीच्या वेळीच निथळून जाते. हे मांसातले पाणी, त्याला मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाने रंग येतो. ज्ञानात भर पडली.

तेवढ्यात मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, ‘‘तुमचं बरं आहे भाऊजी, तुम्हाला सगळं चालतं. अडचण काय ती माझी.’’

मी म्हटले, ‘‘वहिनी, मला तिथे तुमच्यापेक्षाही कमी चालेल.’’

गाडीत शांतता पसरली. जावयाने गृहीत धरले होते की काका मुसलमान, म्हणजे बीफचा प्रश्नच नाही. यात त्याचा दोष नाही. आपल्याकडेही हेच गृहीत धरतात. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. २०१५ साली बैल आणि वळूही त्या कायद्यात आले. तेव्हा कितीतरी स्नेह्यांनी काळजीने विचारले होते, ‘आता तुमच्या घरी काय करणार?’ आमच्या घरी जे पूर्वीपासून होते तेच. तांदळाची भाकरी, बांगड्याचे कालवण, आणि मटण ईदला किंवा लग्नाला.

व्हेगासमध्ये माझी अडचण निराळी होती. मला मांस चालते, पण ते हलाल हवे. अमेरिकेतल्या मुसलमानांत यावर दोन मते आहेत. कुराणात ग्रंथधारकांचे, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती लोकांचे अन्न विहित म्हटले आहे, त्या आधारे काही जण तिथले सर्वसाधारण मांस खातात. काही जण नाव घेऊन रीतसर जबह केलेलेच मांस घेतात. मी या दुसऱ्या पक्षातला, पण वाद न घालणारा. म्हणजे त्या टेबलावर बीफ खाणारा असणार होता माझा हिंदू मित्र, आणि मासळी शोधणारा मी.

मी सवयीने म्हणून गेलो, ‘माझं काही नाही, मी भागवून घेईन.’ वहिनीही तेच म्हणाल्या. मित्र मात्र बिथरला. ‘‘अरे, भागवून घ्यायला तुम्हा दोघांना एवढ्या लांब आणलं का?’’ मग त्याच्या मुलीने गाडीतूनच पाच-सहा ठिकाणी फोन लावले, आणि त्या फोनांमधून आम्हाला स्टेकहाउसचे आतले जग कळले.

सीझर सॅलड दिसायला निरुपद्रवी, पण त्याच्या चटणीत सहसा अँकोव्ही नावाचे बारीक मासे वाटलेले असतात. भाजलेल्या बटाट्यावर डुकराच्या मांसाचे कुरकुरीत तुकडे भुरभुरतात. पालकाच्या भाजीतही कधी तेच. काही ठिकाणी बटाटे गुराच्या चरबीत तळतात. मासळीवरच्या सॉसमध्ये वाइन, मशरूममध्ये वाइन, मिठाईत रम. शिवाय एकच जाळी. तिच्यावर आधी स्टेक आणि मग मासा. एका ठिकाणच्या बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि थंडपणे सांगितले, ‘सॅलड आहे की.’ दुसऱ्या ठिकाणी फोनवरच्या माणसाने जरा थांबायला सांगितले, आत जाऊन आचाऱ्याला विचारून आला आणि एकेक पदार्थ सांगू लागला. हे चालेल, हे चालणार नाही, हे वेगळ्या तव्यावर करता येईल. आमची निवड खरे तर तिथेच झाली.

ते ठिकाण होते ‘गोल्डन स्टीअर’. १९५८ पासूनचे, कॅसिनोत नसलेले, सहारा रस्त्यावर दुकानांच्या एका साध्या रांगेतले. आत मंद उजेड आणि लाल चामड्याची बाके. बाकांना नावे आहेत. एक फ्रँक सिनात्राचे, एक महंमद अलीचे, आणि एक सॅमी डेव्हिस ज्युनिअरचे.

सॅमी डेव्हिस गायचा, नाचायचा, नकला करायचा. त्याच्या नावावर कॅसिनोंची नाट्यगृहे भरत. पण तो काळ्या वर्णाचा होता, आणि व्हेगासला तेव्हा ‘पश्चिमेचे मिसिसिपी’ म्हणत. काळ्या कलावंताने रंगमंचावर यावे, टाळ्या घ्याव्यात आणि मागल्या दाराने निघून जावे, अशी रीत होती. त्याच हॉटेलात खोली नाही, जुगाराचे टेबल नाही, जेवणाचेही टेबल नाही. राहायचे गावाच्या पश्चिमेकडच्या काळ्या वस्तीत. १९५५ च्या मे महिन्यात त्या वस्तीजवळ ‘मूलाँ रूज’ हे सर्व वर्णांना खुले असलेले पहिले कॅसिनो-हॉटेल उघडले आणि सहाएक महिन्यांत बंदही पडले. १९६० साली जेम्स मॅकमिलन या दंतवैद्याने, जो काळ्या नागरिकांच्या संघटनेचा स्थानिक अध्यक्ष होता, स्ट्रिपवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला. कॅसिनोवाल्यांना धंद्याची काळजी पडली. २६ मार्च १९६० रोजी त्याच बंद पडलेल्या मूलाँ रूजमध्ये बैठक झाली आणि कॅसिनोंची दारे उघडली. गोल्डन स्टीअरमध्ये अभिमानाने सांगतात की कॅसिनोत सॅमीला बसू देत नसत तेव्हा तो इथे येऊन जेवत असे.

ही हकिगत ऐकताना माझ्या मनात एक गोष्ट स्पष्ट होती. माझ्या हलालची आणि सॅमीच्या टेबलाची गल्लत करू नये. मी एखादा पदार्थ खात नाही, ही माझी निवड आहे. त्याला बसू दिले जात नव्हते, ती दुसऱ्याने त्याच्यावर लादलेली गोष्ट होती. पहिलीला शिष्टाचार पुरतो, दुसरीला मोर्चाची भीती दाखवावी लागली. तरीही दोन्हींच्या मुळाशी एकच साधा प्रश्न आहे: या टेबलावर कोण बसणार, हे आपण आधी पाहतो की ताटात काय येणार ते?

आमच्या लहानपणी गावात कोकणी मुसलमानाच्या घरी लग्न असले की हिंदू पाहुण्यांसाठी अंगणात वेगळी चूल मांडत. स्वयंपाकी त्यांच्यातला, भांडी नवी, शिधा आमचा. त्यात शिवाशिवीची सावली होती हे खरे, आणि तिचे मी कौतुक करणार नाही. पण आजी त्या चुलीपाशी स्वतः उभी राहून विचारायची, ‘सगळ्यांना पोचलं ना?’ तो प्रश्न मला अजूनही आदरातिथ्याचा गाभा वाटतो.

त्या रात्री वहिनींपुढे मासळीविना, वेगळ्या चटणीचे सॅलड आले, लोण्यात परतलेली शतावरी आली आणि वर काहीही न भुरभुरलेला, नारळाएवढा बटाटा आला. माझ्यापुढे शेवंड आली. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, त्यामुळे कोळंबी, खेकडे, शेवंड सारे आम्हाला चालते. हनफी पंथाचे लोक मासळीपलीकडचे जलचर सहसा टाळतात. मित्र म्हणाला, ‘‘बघा, शेवटी सगळ्यांत महागडं यानंच खाल्लं!’’ शेजारच्या टेबलापाशी केळी लोणी-साखरेत परतून, वर रम ओतून पेटवत होते. निळी ज्वाळा उठली. वहिनींनी आणि मी ती पाहून घेतली आणि दोघांनी कॉफी मागवली.

तुमच्यापैकी कुणी मुला-नातवंडांकडे अमेरिकेला गेलात आणि अशी निवड करायची वेळ आली, तर मांसाची प्रत विचाराच, कर आणि बक्षिसी धरून हिशेबही करा. पण सुरुवात मात्र टेबलावरच्या ज्याला सर्वांत कमी चालते त्याच्यापासून करा. त्याच्यासाठी एक फोन आधी लावा आणि पलीकडचा माणूस काय उत्तर देतो याहून कसे देतो ते ऐका. स्टेक काय, व्हेगासमध्ये चांगला पुष्कळ ठिकाणी मिळतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)