पाच नंबरच्या पायाला डाउनहिलचा शू

(ताज्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

जळगावात सध्या सकाळी सातलाच घाम फुटतो, त्यामुळे आजचं रेकॉर्डिंग पहाटेच उरकतेय. मागे पंख्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या. पंखा बंद करणं काही जमणार नाही.

ब्रेकवरच्या भागानंतर धुळ्याच्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. कॉलेजला आहे, वजन ४७ किलो, पाय पाच नंबरचा. लळिंगच्या बाजूला टेकड्यांवर गिअरची सायकल घेऊन जाते आणि पायवाटेने खाली उतरते. पायात शाळेतले पांढरे कॅनव्हास. ती म्हणते, "ताई, दगडांवरून उतरताना पाय पेडलवरून उडतो. भाऊ म्हणतो तू घाबरतेस म्हणून उडतो. शूज बदलून काही फरक पडेल का?"

पडेल. आणि भावाला सांग, यात घाबरण्यापेक्षा वजनाचा आणि रबराचा संबंध जास्त आहे. ते कसं, हे नीट सांगते, कारण हा प्रश्न बऱ्याच जणींचा आहे.

फ्लॅट पेडल म्हणजे पाय अडकवायची क्लिप नसलेलं, सपाट, रुंद पेडल. चांगल्या फ्लॅट पेडलवर छोट्या छोट्या धातूच्या पिना असतात. पाय वरून दाबला की त्या सोलच्या रबरात थोड्या रुततात, आणि पकड म्हणतात ती एवढीच. आता हिशेब बघा. ८० किलोचा माणूस उभा राहिला की पिना आपोआप रुततात. ४७ किलोची मुलगी उभी राहिली तर त्याच पिना त्याच रबरात कमी रुतणार. म्हणजे हलक्या वजनाच्या चालवणाऱ्याला जास्त मऊ रबर लागतं. दुकानात मात्र याच्या बरोब्बर उलटं होतं. "मुलींसाठी" म्हणून जे दाखवतात ते हलकं, गुलाबी पट्टीचं, खाली कडक फोमचा सोल असलेलं चालण्याचं शू असतं. फोमवर पिना घसरतात आणि वर त्याचे तुकडे काढतात.

रबर मऊ असण्याबरोबर ते आळशी पण हवं. साधं रबर चेंडूसारखं उसळतं. दगडाचा दणका पेडलमधून वर आला की पाय उचलला जातो, तिची तक्रार नेमकी हीच आहे. आळशी रबर दाबलं की सावकाश परत येतं, दणका गिळतं. हे रबर सायकलवाल्यांनी शोधलेलं नाही. कॅलिफोर्नियात चार्ल्स कोल नावाच्या गिर्यारोहकाने १९८५ साली फाइव्ह टेन ही कंपनी काढली, खडकावर चढण्याच्या शूजसाठी. त्यांचं स्टेल्थ नावाचं रबर पुढे डाउनहिलवाल्यांनी उचललं. २०११ मध्ये आदिदासने ती कंपनी विकत घेतली. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल २००६, २००७ आणि २०१० ला डाउनहिलचा जगज्जेता झाला, तोही फ्लॅट पेडलवर, जेव्हा बाकीचे बहुतेक जण क्लिप लावून पळत होते. त्यामुळे "फ्लॅट पेडल नवशिक्यांचं" असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या.

मग क्लिप का नको? आपल्या संगमनेरची प्रणिता सोमण माउंटन बाइकमध्ये राष्ट्रीय विजेती आहे, तिचे फोटो बघून काही जणी क्लिपचे शूज मागवायला निघतात. पण तिचा प्रकार क्रॉस-कंट्री, त्यात चढ असतो, पेडल सतत ओढायचं असतं. आपण बोलतोय उताराबद्दल, मुरुमाबद्दल, जिथे पुढचं चाक घसरलं की पाय एका क्षणात जमिनीवर यायला हवा. शिकताना तरी फ्लॅटच.

आता संरक्षण. पायाला मार कुठे बसतो? बोटांना, दगडाची ठोकर लागून. आतल्या घोट्याला, क्रँक लागून. तळव्याला, उडी खाली आली की. आणि नडगीला, पेडल फिरून पिना लागल्या की. नडगीचा प्रश्न शू सोडवत नाही, त्याला फुटबॉलचे शिन गार्ड घ्या, खेळाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. बाकी तीन ठिकाणी शू काय करतो ते हाताने तपासता येतं. बोटांपुढचा भाग अंगठ्याने दाबा, तो चेपायला नको. आतल्या घोट्याची कड बाहेरच्यापेक्षा उंच आणि जाड असली तर उत्तम. टाचेखाली दाबून बघा, थोडी गादी हवी, पण स्पंजासारखी नको.

इथे जळगावकरांचा एक आवडता सल्ला येतो. एमआयडीसीतला सेफ्टी शू घाल! लोखंडी टोपी असते, स्वस्त असतो, चटईच्या कारखान्यात घरातलं कोणीतरी असतंच. टोपीबद्दल वाद नाही. तिची चाचणी २०० जूलची असते, म्हणजे साधारण २० किलोचं वजन मीटरभर उंचीवरून बोटांवर पाडल्यासारखं. पण त्याचा सोल तेलावर न घसरण्यासाठी आणि टिकण्यासाठी बनवलेला, कडक, खोल खाचांचा. पिना खाचेत पडल्या तर पाय अडकतो, उंचवट्यावर पडल्या तर सरकतो. बोटं वाचतील हो, पण पाय पेडलवरून निसटून माणूस आपटला त्याचं काय? माझं मत स्पष्ट आहे. आधी पकड, मग चिलखत. सगळ्यात जास्त पाय वाचतो तो पेडलवरच राहिला म्हणून.

हेच कडकपणाबद्दल. डाउनहिलचे काही शूज फळीसारखे ताठ असतात. जड माणसाला ते बरे, तळवा दुखत नाही. हलक्या मुलीला मात्र ताठ सोल पेडलवर टेबलासारखा बसतो, वाकतच नाही, मग पिना दोन-चार जागीच टेकतात. दोन्ही हातांनी शू मधोमध वाकवून बघा. थोडं जोर लावून वाकायला हवा. अजिबात वाकत नसेल तर तो तुमच्या वजनासाठी नाही, किंमत कितीही असो.

आता मापाचं, आणि इथे जरा रेंगाळणार आहे. बायकांची डाउनहिल शर्यत काही कालची नाही. १९९० मध्ये ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली तेव्हापासून ती आहे, त्या वर्षी कॅनडाची सिंडी डिव्हाइन जिंकली. तरी आपल्याकडे दुकानात गेलं की अशा शूजमध्ये पाच नंबर मिळता मिळत नाही. मग दुकानदार म्हणतो, "सहा घ्या, मोजा घाला." असं करू नका. मोठ्या शूमध्ये टाच उचलली जाते, आणि उतारावर सगळा खेळ टाच खाली दाबण्याचा आहे. टाच खाली, पेडलच्या दांड्यावर चवड्याच्या जरा मागचा भाग, वजन पायावर. टाच आतच नाचत असेल तर खाली काय दाबणार?

घरी असं मोजा. संध्याकाळी, कारण तोवर पाय थोडा सुजलेला असतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहा, सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, कारण एका कंपनीचा पाच म्हणजे दुसरीचा साडेचार असतो, पण मिलिमीटर सगळीकडे सारखाच. रुंदीही मोजा. लहानपणापासून चपलेत वावरलेला आपला पाय पुढे बऱ्यापैकी पसरट आणि टाचेला अरुंद असतो. बायकांच्या साच्याचा शू टाचेला बसतो पण चवड्याला आवळतो, पुरुषांचा उलटा. यावर उपाय लेसचा आहे. पुढची भोकं सैल ठेवायची, आणि वरच्या शेवटच्या दोन भोकांत प्रत्येक बाजूला एक फास करून त्यातून समोरची लेस ओढायची. टाच जागच्या जागी बसते. उरलेली लेस आत खोचा किंवा इलॅस्टिकच्या पट्टीखाली दाबा, नाहीतर उजव्या बाजूला ती चेनमध्ये जाते. ओढणीची काळजी घेतो तशीच लेसची घ्यायची.

दुकानात जाताना सुटं पेडल बरोबर घेऊन जा. हो, पिशवीत घालून. जमिनीवर ठेवा, नवीन शू घालून त्यावर उभ्या राहा आणि पाय हलकेच फिरवा. फुले मार्केटमध्ये लोक बघतील, बघू द्या. सोलवर नख दाबून बघा, खूण क्षणभर राहिली तर रबर मऊ आहे. सोलचा मधला भाग सपाट किंवा बारीक ठिपक्यांचा हवा, खाचा फक्त बोटांशी आणि टाचेशी, कारण आपल्याकडे सायकल वर नेणारी लिफ्ट नाही. चढ पायीच चढायचा आहे, सायकल ढकलत.

आणि पेडल प्लास्टिकचं, बिनपिनांचं असेल तर आठ-दहा हजारांचा शू घेऊन काही उपयोग नाही. आधी हेल्मेट, मग पेडल, मग शू. पेडल बदलायला १५ नंबरचा पाना लागतो, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावला तर क्रँकचे आटे जातात. लहान पायाला फार मोठं पेडलही नको, बाहेर आलेला भाग दगडाला लागतो. काही कंपन्या शूच्या मापाप्रमाणे दोन आकार काढतात, त्यातला लहान घ्या.

बजेट नसेल तर? स्केटिंगचे सपाट गमसोल शूज बघा. घोट्याला संरक्षण नाही, बोटांना जेमतेम, पण पकड कॅनव्हासपेक्षा कितीतरी बरी. तेवढ्यावर मोठ्या उड्या नको, एवढंच.

आपल्या भागाच्या दोन-तीन गोष्टी. जाळीचा शू उन्हाळ्यात हवेशीर वाटतो, पण बाभळीचा काटा त्यातून सरळ आत येतो. जाळी फक्त वर असावी, बाजूने जाड कापड किंवा सिंथेटिक. पावसात काळी माती सोलला थापली की मऊ रबर असो नाहीतर सोनं लावलेलं असो, पिनांना मातीच लागते. काडीने खरवडा आणि मगच बसा. खरं तर काळ्या मातीत त्या दिवशी जाऊच नका, मुरुमाची वाट धरा. आणि पाटणादेवी, पाल या बाजूला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ती अभयारण्यं आहेत. वनविभागाला विचारल्याशिवाय पायवाटेवर चाक घालायचं नाही.

मे महिन्यात शूज गाडीच्या डिकीत ठेवू नका. ४५ अंशाच्या उन्हात बंद डिकीत गोंद सुटतो आणि सोल तोंड उघडतो. सुटलाच तर बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडून कडेने शिवून घ्या, पण खालून आरपार टाके मारू देऊ नका, पिना पहिले तोच दोरा तोडतात. भिजले तर आत रद्दी कोंबून सावलीत वाळवा, चुलीशेजारी नाही.

धुळ्याच्या ताई, तुझं माप पाठव, मी दोन-तीन मॉडेल बघून ठेवते. बाकी जणींनीही पाठवा. फक्त "पाच नंबर" असं लिहू नका, मिलिमीटर लिहा. दोन्ही पायांचे.