विजेची सांठवण आणि काळ

१७४६ सालीं हॉलंडमधील लायडेन येथें मुशेनब्रूक या शास्त्रज्ञास पाण्याच्या बाटलींत सांठलेल्या विजेचा जबर धक्का बसला. ती बाटली म्हणजे कंडेन्सरचा आद्य अवतार.

रोधकामार्फत बॅटरीस जोडलेला कंडेन्सर एकदम भरत नाहीं. आरंभीं प्रवाह जोराचा असतो. परंतु कंडेन्सरमधील दाब वाढतां वाढतां बॅटरीस विरोध करूं लागतो, आणि ओघ मंदावतो. रोध १ लक्ष ओहम व धारणा १०० मायक्रोफॅरड असल्यास त्यांचा गुणाकार १० सेकंद होतो. तेवढ्यांत सुमारें ६३ टक्के भरणा होतो. पुढील १० सेकंदांत उरलेल्याच्या ६३ टक्के. रितें होण्याचा नियमहि हाच. म्हणूनच व्हॉल्व्हचा रेडिओ बंद केल्यावरहि आंत घातक दाब कांहीं काळ टिकूं शकतो. बटण बंद झालें म्हणजे धोका टळला, असें समजून कोणीं आंत हात घालूं नये.