जहाजावर चढण्याआधी दुबईची खाडी



अमडापूरहून निघालेल्या माणसाला समुद्र तसा लांबच. मलकापूरला नाहीतर शेगावला रात्रीची गाडी धरायची, सकाळी मुंबई गाठायची, तेव्हा कुठे खारा वारा लागतो. पण मुलं नोकरीनिमित्त परदेशी गेली, पर्यटन कंपन्यांच्या सहली तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या आणि आपल्याकडची माणसंही आता क्रूझला, म्हणजे मोठ्या प्रवासी जहाजावरच्या सहलीला, निघू लागली. हिवाळ्यात अशी जहाजं दुबईहून सुटतात आणि अबुधाबी, दोहा, मस्कत अशा बंदरांना जाऊन येतात. मुंबईहून विमानाने तीन तास. पुष्कळजण आदल्या दिवशीच पोचतात, आणि जहाजावर चढण्याआधी एक-दीड दिवस हाती राहतो. त्या एवढ्याशा वेळात दुबईत काय पाहावं, ते आज सांगणार आहे.

बहुतेकांचा कार्यक्रम बुर्ज खलिफापासून सुरू होतो. 828 मीटर उंचीची ही इमारत 4 जानेवारी 2010 रोजी खुली झाली. ती पाहावीच, पण रात्री, दिवे लागल्यावर, खालून. तासाभरात मन भरतं. वर जायच्या रांगेत आणि शेजारच्या मॉलमध्ये सबंध दिवस घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवस द्यावा तो खाडीला.

दुबईची खाडी म्हणजे वाळवंटात शिरलेली समुद्राची चिंचोळी पट्टी. एका काठाला बर दुबई, दुसऱ्या काठाला देरा. मधून अब्रा नावाच्या लाकडी होड्या अखंड ये-जा करतात. भाडं एक दिरहम, म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. पाठीला पाठ लावून बाकावर बसायचं आणि काही मिनिटांत पलीकडे. शेजारी बसलेला माणूस केरळचा असेल, बांगलादेशचा असेल, पेशावरचा असेल. हिंदी बहुतेकांना समजते. दुबईत राहणाऱ्यांमध्ये परदेशी माणसंच जास्त, आणि त्यांत सर्वांत मोठा समाज भारतीयांचा. उंच इमारती यांच्याच हातांनी बांधल्या. तिथला उन्हाळा इतका कडक की 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. शहर पाहताना ही माणसंही पाहावीत, त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत.

बर दुबईच्या बाजूला अल फहिदी हा जुना मोहल्ला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या किनाऱ्याकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी इथे घरं बांधली. भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांच्या, आणि घरावर चौकोनी, चारी बाजूंनी उघडा असा वाऱ्याचा मनोरा. कुठूनही झुळूक आली की मनोरा ती पकडून खाली खोलीत सोडतो. वऱ्हाडातली पांढऱ्या मातीची धाब्याची घरं जशी वैशाखात आतून थंड राहतात, तसाच हा विजेच्या आधीचा शहाणपणा. गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवलेल्या, म्हणजे एका घराची सावली दुसऱ्या घराला मिळावी.

तेलाआधी दुबई मोत्यांवर जगत होती. उन्हाळ्याचे चार महिने पाणबुडे होडीवर काढायचे. नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला दोर, आणि एका दमात तळाशी. मोसमाआधी नाखुद्याकडून, म्हणजे होडीच्या कप्तानाकडून, उचल घ्यायची आणि मोत्यांत फेडायची. फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर, कधी कधी मुलाच्या डोक्यावर. सावकारी पाश काय असतो हे आपल्या कापसाच्या मुलखाला वेगळं सांगायला नको. मोती जायचे मुंबईच्या बाजारात. 1929 नंतरची जागतिक मंदी आणि जपानचे कृत्रिम रीतीने वाढवलेले मोती, या दोन्हींनी मिळून तो धंदा बसवला.

मुंबईशी असलेलं हे नातं मोत्यांपुरतं नव्हतं. 1909 साली दुबईत टपाल कार्यालय उघडलं, ते हिंदुस्थानच्या टपालखात्याचं. बाजारात चालायचा तो आपला रुपया. 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. 1966 च्या जूनमध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, आणि मग दुबईने रुपया सोडला.

त्याच 1966 साली दुबईला समुद्रात तेल सापडलं. पण खाडीकाठी उभं राहून आठवावी ती त्याच्या आधीची गोष्ट. खाडी गाळाने भरत चालली होती, मोठ्या होड्या आत येईनात. तेव्हा दुबईचे त्या वेळचे शासक शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज घेतलं आणि गाळ उपसून खाडी खोल करून घेतली. तेलाचा थेंब हाती नसताना! व्यापार वाढला, माल इथे उतरू लागला, आणि पुढे आलेला तेलाचा पैसा बंदरांत, विमानतळात घातला गेला. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात 2018 साली तलावांतला गाळ काढायचं मोठं काम उभं राहिलं, ते आठवणाऱ्यांना त्या निर्णयाचं मोल लगेच कळेल. फरक इतकाच की आपण गाळ काढला तो पाणी साठवायला, दुबईने काढला तो होड्यांसाठी; वर्षाला शंभर मिलिमीटरही धड पाऊस नसलेलं हे शहर आहे. पिण्याचं पाणीसुद्धा समुद्राचं खारेपण काढून मिळवावं लागतं.

देऱ्याच्या काठाला मसाल्यांचा बाजार आणि सोन्याचा बाजार लागूनच आहेत. खामगावची चांदी पारखणाऱ्यांनी सोन्याच्या पेठेत जरूर फिरावं. खरेदी केलीच तर पावती जपून ठेवावी आणि परतीचे सीमाशुल्काचे नियम आधी विचारून घ्यावेत. राहिली वाळवंटातली सफर; ती दुपारनंतर निघते आणि रात्री परत आणते. वेळ उरला तरच जावं.

आता कामाचं. क्रूझची अनेक जहाजं रशीद बंदरातून सुटतात, आणि ते बर दुबईपासून जवळ आहे. म्हणून मुक्काम बर दुबईत किंवा करामा भागात करावा. मेट्रोत खाऊ-पिऊ नये, दंड होतो. जहाज दुसऱ्या देशात जाऊन पुन्हा दुबईला येणार असेल, तर व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा हवा, हे पैसे भरण्याआधी विचारा. डॉक्टरांची चिठ्ठी औषधांबरोबर ठेवा, कारण आपल्याकडची काही वेदनाशामकं आणि खोकल्याची औषधं तिथे बंदीखाली येतात. आणि माताभगिनींना खास विनंती: खसखस तिथे बेकायदा आहे. शिदोरीच्या लाडवांत, अनारशांत, मसाल्याच्या पुडीत ती एवढीशीही जाऊ देऊ नका.