पोवळें आणि नरक्या

पळणें हें दुबळ्याचें पहिलें साधन. ससा पळतो, मासोळी कपारींत शिरते. परंतु ज्याला जागचें हलतांच येत नाहीं, त्या जीवानें काय करावें? रानांतील वृक्ष आणि समुद्रतळाच्या खडकाला चिकटलेलें पोवळें, या दोघांपुढें हाच प्रश्न आहे. आणि दोघांनीं त्याचें उत्तरहि एकच काढलें आहे. शत्रूला नकोशीं होतील अशीं द्रव्यें तीं आपल्याच देहांत सिद्ध करितात. त्यांपैकीं कांहीं द्रव्यें माणसाला औषधासाठीं उपयोगी पडतात.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं अंगठींतील कठीण, तांबडें पोवळें पाहिलें असेल. कॅरिबियन समुद्रांतील ‘प्लेक्झौरा होमोमल्ला’ हें त्याचेंच आप्त, परंतु लवचिक आणि झुडपासारखें दिसणारें. १९६९ सालीं ओक्लाहोमा विद्यापीठाच्या वाइनहायमर व स्प्रॅगिन्स या रसायनशास्त्रज्ञांना त्यांत प्रोस्टाग्लॅन्डिन वर्गाचीं द्रव्यें आढळलीं. सूज, वेदना, ताप, गर्भाशयाचें आकुंचन, अशा अनेक शरीरक्रियांशीं या वर्गाचा संबंध आहे. तोंपर्यंत हीं द्रव्यें मेंढ्यांच्या ग्रंथींपासून मोठ्या कष्टानें, अगदीं थोडीं मिळत. या पोवळ्याच्या वाळलेल्या वजनांत मात्र तीं शेंकडा १ हून अधिक निघालीं! पोवळ्याला त्यांचा उपयोग निराळाच. तें खाणाऱ्या माशाला वांती होते आणि तो पुन्हां त्याच्या वाटेस जात नाहीं.

औषधांचे कारखानदार या पोवळ्याकडे वळले. परंतु त्याच वर्षीं हार्वर्ड विद्यापीठाच्या ई. जे. कोरी यांनीं प्रोस्टाग्लॅन्डिनें प्रयोगशाळेंत तयार केलीं. ती रीत पुढें सुधारत गेली आणि त्या द्रव्यांसाठीं पोवळें खुडण्याची गरज उरली नाहीं.

सह्याद्रींतील नरक्या या वृक्षाचें नशीब इतकें बलवत्तर नव्हतें. त्याची कथा सुरू होते ती अमेरिकेंत. नंदुरबार येथें १९२५ सालीं जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठांत शिकलेले मनसुख वाणी यांनीं मनरो वॉल यांच्यासह १९६६ सालीं एका चिनी वृक्षांतून कॅम्प्टोथेसिन हें द्रव्य वेगळें केलें. १९७२ सालीं गोविंदाचारी व विश्वनाथन यांनीं मुंबईच्या गोरेगांवांतील सिबा संशोधन केंद्रांतून दाखवून दिलें कीं, तेंच द्रव्य दुर्गंधामुळें दुर्लक्षित असलेल्या नरक्यांतहि आहे.

त्याचें कार्य मोठें विलक्षण आहे. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यांतील आनुवंशिक धाग्याची नक्कल व्हावी लागते. त्या वेळीं धाग्याला पडणारा पीळ सैल करण्यासाठीं एक एन्झाइम त्याचा एक पदर क्षणभर तोडतें आणि लगेच सांधतें. कॅम्प्टोथेसिन मध्येंच शिरून हें सांधणें अडवितें. तुटल्या पदरावर नक्कल करूं जातां पेशी मरते. भराभर दुभंगणाऱ्या कर्करोगाच्या पेशींना हा आघात विशेष बाधतो. मूळ द्रव्य रोग्यांना सोसवेना. म्हणून त्यांत फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन हीं औषधें बनविण्यांत आलीं. १९९६ सालीं अमेरिकेंत पहिल्यास अंडाशयाच्या, तर दुसऱ्यास मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावर मान्यता मिळाली.

कॅम्प्टोथेसिनहि प्रयोगशाळेंत करतां येतें. परंतु झाडापासून काढणें स्वस्त पडतें. या स्वस्ताईनेंच नरक्याचा घात केला. पान तोडल्यास झाड पुन्हां पालवतें. पण द्रव्य अधिक असतें तें लांकडांत आणि मुळांत. म्हणून झाडें समूळ उपटलीं गेलीं, चोरटी तोडहि झाली आणि सह्याद्रीच्या कित्येक भागांत हा वृक्ष विरळ झाला.

नरक्या तोडूंच नये, असें रोग्याच्या बिछान्याशीं बसलेल्या आप्तांना कोण सांगेल? औषध तर पाहिजेच. परंतु त्यासाठीं नरक्याची पद्धतशीर लागवड करणें, पानें-फांद्यांपुरतीच तोड ठेवणें, हे मार्ग मोकळे आहेत. ज्याला पळतां येत नाहीं त्यानें स्वतःच्या रक्षणासाठीं केलेलें द्रव्य आपण उचललें. निदान आतां त्याचें रक्षण करणें तरी आपल्याकडे लागतें. उद्यांचा रोगीहि याच रानाच्या दाराशीं येणार आहे.